आधार आणि आधेय

घरांत एखादी वस्तु घ्यावयाची झाली म्हणजे जी डोळ्यांत भरते तिच्यावर आपण सढळ हातानें खर्च करतों, आणि जी तिला खालून धरून उभी असते तिच्यावर काटकसर करतों. लग्नांत मांडवाची झालर निवडण्यासाठीं दहा दुकानें पालथीं घालणारा यजमान मांडवाचा खांब किती जाड आहे हें पाहत नाहीं. हा मनुष्यस्वभावच आहे. आणि जन्मभर मुलांस त्रैराशिक शिकविल्यानें तो सुटतो असें नाहीं, हें आम्ही स्वानुभवानें सांगूं शकतों.

या स्वभावापायीं आमच्या घरास जो धडा मिळाला तो या महिन्यांत सांगावयाचा आहे. विषय संगणकाचा, त्यांतही त्याच्या मदरबोर्डाचा आहे. आमच्या वयाचे कित्येक वाचक येथेंच पान उलटूं पाहतील. त्यांस विनंति इतकीच कीं, थोडा धीर धरावा. संगणक ही आतां केवळ शहरवासीयांची वस्तु राहिलेली नाहीं. आमच्या नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली या लहानशा गांवीं २९ सप्टेंबर २०१० रोजीं देशांतील पहिलीं 'आधार' पत्रें दिलीं गेलीं. आज कळसाडीच्या शेतकऱ्यास सातबाऱ्याचा उताराही संगणकावरूनच मिळतो. ज्या घरांत कॉलेजांत जाणारा मुलगा किंवा मुलगी आहे, त्या घरांत आज ना उद्यां संगणक घेण्याचा प्रश्न वडील मंडळींपुढें येणारच. आणि पैसे देणाऱ्यानें आपण कशाचे पैसे देतों एवढें तरी समजून घ्यावें, असें आमचें मत आहे.

आमचा नातू पुण्यास अभियांत्रिकी शिकतो. इमारतींचीं त्रिमितीय चित्रें संगणकावर तयार करणें हा त्याच्या अभ्यासाचा भाग आहे, आणि त्या विद्येवर तो सुटींत थोडेंबहुत मिळवितोही. असें एक चित्र यंत्राकडून पूर्ण करून घ्यावयास कित्येकदां चार-चार तास लागतात. म्हणून त्याला वेगवान् यंत्र हवें होतें. दोन वर्षांपूर्वीं त्यानें सुट्या भागांची यादी करून आमच्यापुढें ठेविली. घराचा सामाईक हिशेब आमच्याकडे असल्यामुळें खर्चाच्या प्रत्येक यादीवर आमची पेन्सिल फिरते. प्रोसेसर म्हणजे यंत्राचा मेंदू, असें त्यानें सांगितलें. तेथें आम्हीं हात लावला नाहीं. रॅम म्हणजे तात्पुरती स्मरणशक्ति. तीही राहूं दिली. मग मदरबोर्ड आला.

आम्हीं विचारलें, "हा हिशेब करतो काय?"

"नाहीं, आजोबा."

"मग लक्षांत ठेवतो काय?"

"तेंही नाहीं. पण सगळे भाग त्याच्यावरच बसतात."

"म्हणजे पाटच कीं! बसावयास पाट चांदीचा कशाला हवा?"

सगळे हंसले, आणि आम्हीं साडेचार हजार रुपये कमी करून त्या जागीं स्वस्तांतला बोर्ड लिहिला. "आजोबा, बोर्ड चांगला लागतो," असें तो एकदां म्हणाला. दुसऱ्यांदां म्हणाला नाहीं. वडिलांनीं एकदां ठरविल्यावर दुसऱ्यांदां म्हणण्याची आमच्या घरांत रीत नव्हती.

पुण्याच्या तपकीर गल्लींतून सर्व भाग आणून त्यानें यंत्र स्वतः जुळविलें, आणि कांहीं दिवसांनीं त्याचें ओव्हरक्लॉकिंग केलें. हा शब्द येथें उलगडून सांगितला पाहिजे. प्रोसेसर हा एका ठरलेल्या तालावर काम करतो. मूळ ताल सेकंदास दहा कोटी ठोक्यांचा, म्हणजे १०० मेगाहर्ट्झचा असतो, आणि प्रोसेसर त्यास एका संख्येनें गुणून घेतो. गुणक ३६ असला तर ३,६०० मेगाहर्ट्झ, म्हणजे ३.६ गिगाहर्ट्झ. यंत्र सुरू होतांना बोर्डावरील बायॉस नांवाची जी प्राथमिक आज्ञावली प्रथम जागी होते, तींत जाऊन हा गुणक हातानें वाढविणें याचें नांव ओव्हरक्लॉकिंग. परंतु ताल वाढला कीं प्रत्येक ठोक्यास मिळणारा वेळ कमी होतो. तेवढ्या वेळांत आंतील सूक्ष्म कळा नीट बदलाव्यात म्हणून विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, तोही थोडा वाढवावा लागतो. येथेंच खरी मेख आहे. लागणारी वीज तालाच्या प्रमाणांत वाढते, पण दाबाच्या मात्र वर्गाच्या प्रमाणांत वाढते. ताल शेंकडा १० व दाबही शेंकडा १० वाढविला, तर १.१ × १.१ × १.१, म्हणजे १.३३१. वेग शेंकडा १० अधिक, आणि वीज व उष्णता शेंकडा ३३ अधिक! सातवीच्या मुलासही हा व्यवहार आंतबट्ट्याचा दिसेल.

तरी लोक हें करतात, आणि त्यास इतिहास आहे. १ जुलै १९९८ रोजीं धुळे जिल्ह्यांतून आमचा नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. त्याच वर्षाच्या ऑगस्टांत इंटेल कंपनीनें 'सेलेरॉन ३००ए' या नांवाचा एक स्वस्त प्रोसेसर बाजारांत आणला. त्याचा मूळ ताल ६६⅔ मेगाहर्ट्झ आणि गुणक साडेचार. गुणाकार बरोबर ३००. गुणकास कंपनीनें कुलूप घातलें होतें. परंतु मूळ ताल ठरविणें बोर्डाच्या हातीं होतें. तो १०० वर नेला कीं त्याच साडेचारानें ४५० होत, आणि हा गरिबाचा प्रोसेसर त्या वेळच्या महागड्या ४५० मेगाहर्ट्झच्या पेंटियम-दोनच्या पंक्तीस जाऊन बसे. अबिट या तैवानी कंपनीचा बीएच६ हा बोर्ड तेव्हां हौशी मंडळींत विशेष नांवाजला, कारण त्यावर हा ताल बायॉसमधूनच बदलतां येई. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, प्रोसेसर सर्वांचा एकच. ज्याचा बोर्ड ६६ च्या पुढें जाऊं देत नसे, त्याचा तो शेवटपर्यंत ३०० च राहिला. कीर्ति प्रोसेसराच्या नांवावर जमा झाली, पण पुण्य बोर्डाचें होतें. हा इतिहास यादीवर पेन्सिल फिरविण्यापूर्वीं आम्हांस ठाऊक असता तर पुढचा प्रसंग टळला असता.

पुण्यांत हिवाळाभर नातवाचें यंत्र सुरळीत चाललें. आठही कोअर त्यानें ४२ च्या गुणकावर नेले होते. वैशाखांत तो सुटीस घरीं आला तो यंत्र खोक्यांत घालून बरोबर घेऊनच. एका गिऱ्हाइकाच्या कामाची मुदत दुसऱ्या दिवशीं सकाळची होती. दुपारीं दोनच्या सुमारास माजघरांत ४२ अंशांचा उष्मा. तापीखोऱ्यांतील उन्हाळ्यास हें नवें नाहीं. यंत्र प्रथम मंद झालें, मग आपोआप बंद पडलें. पुन्हां सुरू केलें, तें अर्ध्या तासानें पुन्हां बंद. असें चार-पांच वेळां होतां होतां शेवटीं कामाची फाईलच बिघडली. पैसे गेले, गिऱ्हाईक गेलें आणि दिलेला शब्दही गेला. त्या रात्रीं पंगतींत आम्हीं त्यास सर्वांसमक्ष बोल लावला. करणाऱ्यानें घालून दिलेली मर्यादा ओलांडलीस त्याचें हें फळ, असें म्हणालों. आणखीही पुष्कळ म्हणालों. त्यानें उलट उत्तर दिलें नाहीं. एवढेंच म्हणाला, "प्रोसेसर तापला नव्हता, आजोबा."

हें वाक्य आम्हांस रात्रभर टोंचत राहिलें. शिक्षकानें विद्यार्थ्यास रागें भरावें, पण उत्तर तपासल्यावांचून त्यावर फुली मारूं नये. सकाळीं आम्हीं त्यास बोलावून म्हटलें, "दाखव." प्रोसेसराचें तपमान पडद्यावर दिसतें व त्याची नोंदही राहते. बंद पडण्यापूर्वीं तें ८० अंशांच्या आंतच होतें. त्या प्रोसेसराची मर्यादा ९५ अंशांची. मग यंत्र बंद कोण पाडीत होतें? त्यानें कॅबिनेटाची बाजूची पत्री काढली, घरांतील टेबलपंखा आणला, आणि त्याचा झोत प्रोसेसराच्या शेजारीं ओळीनें बसविलेल्या काळ्या ठोकळ्यांवर सोडला. यंत्र ऐन दुपारीं अखंड चाललें. पंखा दूर केला. चाळीस मिनिटांत बंद. पुन्हां लावला, पुन्हां चाललें. एक असतां दुसरें असणें आणि एक नसतां दुसरें नसणें, यांस न्यायशास्त्रांत अन्वय आणि व्यतिरेक म्हणतात, व त्यांवरून कार्यकारणभाव ठरवितात. हें शास्त्र टेबलपंख्यानें सिद्ध झालेलें आम्हीं प्रथमच पाहिलें.

ते काळे ठोकळे म्हणजे काय, हें समजलें कीं मदरबोर्ड निवडण्याचें अर्धें शास्त्र समजलें. एसएमपीएसकडून बोर्डास १२ व्होल्टांची वीज मिळते. प्रोसेसरास हवे असतात सुमारें सव्वा व्होल्ट. बाराचे सव्वा करणारी जी मंडळी बोर्डावर बसलेली असते तिला व्हीआरएम म्हणतात. तींत मॉस्फेट नांवाच्या अतिवेगवान् कळा, चोक म्हणजे तांब्याच्या वेटोळ्यांचे ठोकळे, आणि कपॅसिटर असे तीन घटक असतात. सव्वा व्होल्टांवर १५० वॅट पोंचवावयाचे तर प्रवाह किती ॲम्पिअर लागेल? १५० भागिले १.२५, उत्तर १२०. आमच्या साऱ्या घराच्या मुख्य स्विचावर ३२ चा आंकडा आहे, आणि येथें दोन बोटें रुंदीच्या पट्ट्यांतून १२० ॲम्पिअर वाहत होते! दाब अल्प असल्यामुळें झटका बसत नाहीं. पण वाहक तापतो तो प्रवाहानेंच.

एवढा भार एका कळेवर न टाकतां तो अनेक फेजांत वांटून देतात. चार फेजा असल्या तर प्रत्येकीच्या वांट्यास ३० ॲम्पिअर येतात, आठ असल्या तर १५. आणि प्रतिकारामुळें होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गानें चालत असल्यामुळें, भार निम्मा झाला कीं एकेकीची ही उष्णता चौथाईवर येते. एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांस हें गणित वेगळें समजावून सांगण्याचें कारण नाहीं. या रूपांतरांत शेंकडा दहा भाग जरी वायां गेले, तरी १५ वॅट उष्णता होते. पूर्वीं देवघरांत 'झीरोचा बल्ब' लावीत, तो बहुधा १५ वॅटांचा असे. त्यास चुकून हात लागलेल्यांस तो चटका आठवत असेल. आमच्या स्वस्त बोर्डावर ही उष्णता वाहून नेण्यास ॲल्युमिनिअमचा एक तुकडाही बसविलेला नव्हता. समजा, हे ठोकळे भोंवतालच्या हवेपेक्षां ७० अंश अधिक तापतात. पुण्याच्या खोलींत २६ अंश, तेव्हां बेरीज ९६. कळसाडीच्या माजघरांत ४२, तेव्हां ११२. बोर्ड तोच, काम तेंच. बदलला तो उन्हाळा. बोर्डानें स्वतःस वांचविण्यासाठीं प्रथम गति कमी केली, आणि तेवढ्यानें भागेना तेव्हां वीज तोडली.

आधार आणि आधेय ही आमच्या शास्त्रांतील जुनी जोडी आहे. पात्र हें आधार, तूप हें आधेय. तूप किती रवाळ याची चर्चा सगळे करतात. पात्र गळूं लागलें म्हणजे मगच तें आठवतें. आम्हीं आधेयावर पैसा खर्च केला आणि आधारावर वांचविला. साडेचार हजारांच्या त्या बचतीनें एक काम घालविलें, आणि वर एका निरपराध मुलास पंगतींत बोल ऐकविले. त्याच दिवशीं रात्रीं, त्याच पंगतींत, "चूक माझ्या पेन्सिलीची होती," असें आम्हीं सर्वांसमक्ष सांगितलें. लिहावयास हें वाक्य सोपें आहे. उच्चारावयास तितकें सोपें गेलें नाहीं. धाकटे बंधु खालीं मान घालून जेवत राहिले. आमच्या सौभाग्यवतींनीं कांहीं न बोलतां नातवाच्या भातावर दुसऱ्यांदां तूप वाढलें. तोही मग आपण होऊन म्हणाला कीं, उन्हाळ्यांत गुणक खालीं आणावयास हवा होता, हें माझेंही चुकलेंच.

पुढें काय करावें, हा प्रश्न मात्र उरला. नातवाच्या मनांत सगळेंच यंत्र नवें घ्यावें, प्रोसेसरही वरच्या प्रतीचा घ्यावा, असें होतें. इकडे धाकट्या बंधूंची नात यंदा बारावीस. तिला नाशिकास ठेवून सीईटीची तयारी करवावयाची, असें घरांत ठरत आलेलें. सामाईक रकमेंत दोहोंपैकीं एकाच खर्चास जागा होती. मुलगा कमावता होऊं घातलेला आहे, मुलीचें पुढें पाहतां येईल, असा सूर एक-दोन वडील माणसांनीं काढलाही. तेव्हां आम्हीं नातवास विचारलें कीं, प्रोसेसर शाबूत आहे, रॅम शाबूत आहे, मग केवळ आधार बदलून भागेल काय? तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "भागेल. पण या वेळीं बोर्ड मी निवडीन." आम्हीं म्हटलें, "तूं निवड. आम्हांस कारणें मात्र समजावून सांग." त्यानें सांगितलेलीं कारणें येथें देतों, कारण तीं कोणत्याही घरास उपयोगीं पडतील.

पहिला प्रश्न परवानगीचा. प्रत्येक बोर्डावर चिपसेट नांवाचा एक कारभारी असतो, आणि गुणक वाढवूं द्यावयाचा कीं नाहीं हें त्याच्या जातीवरही अवलंबून असतें. इंटेलच्या घराण्यांत ज्या प्रोसेसराच्या नांवापुढें 'के' हें अक्षर असतें त्याचाच गुणक मोकळा असतो, आणि तोही झेड ६९०, झेड ७९०, झेड ८९० अशा 'झेड' चिपसेटाच्या बोर्डावरच वाढवितां येतो. बी ७६० सारख्या बोर्डावर रॅमचा वेग वाढवितां येतो, प्रोसेसराचा गुणक नाहीं. एएमडीच्या रायझेन घराण्यांत बहुतेक सर्व प्रोसेसर मोकळे असतात, पण रायझेन ७ ५८००एक्स३डी सारखे अपवाद आहेत. बोर्डांपैकीं 'बी' आणि 'एक्स' वर्गाचे बोर्ड ही मुभा देतात. ए ५२० व ए ६२० हे देत नाहींत. 'के' प्रोसेसर घेऊन त्याखालीं 'बी' बोर्ड ठेवणें म्हणजे घोड्याचे पैसे मोजून त्याला दावणीस बांधून ठेवणें होय. उलट, ज्याला ओव्हरक्लॉकिंग करावयाचेंच नाहीं त्यानें 'झेड' बोर्डाचे पैसे भरण्याचें कारण नाहीं. खोक्यावर 'गेमिंग' असें ठळक अक्षरांत छापलेलें असतें, त्यावरून यांपैकीं कांहींच कळत नाहीं.

दुसरा प्रश्न व्हीआरएमचा. येथें जाहिरातींतील फेजांच्या संख्येवर भुलूं नये. कित्येक बोर्डांवर दोन-दोन घटक एकाच आज्ञेनें चालवून त्यांची गणना दुप्पट सांगितलेली असते. तशी रचना वाईट असते असें नाहीं. पण संख्येबरोबरच प्रत्येक घटक किती ॲम्पिअरांचा आहे हें पाहिलें पाहिजे. ५० ॲम्पिअरांचे आठ घटक आणि ९० ॲम्पिअरांचे आठ घटक यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. त्यांवरील हीटसिंक हाताळून पाहावा: वजनदार, खांचा पाडलेला, धातूचा आणि मळसूत्रांनीं आवळलेला असावा. नुसतें रंगीत दिव्यांचें प्लास्टिकचें झांकण उष्णता नेण्याऐवजीं ती कोंडून ठेवतें. निरनिराळ्या बोर्डांवर एकच प्रोसेसर तासभर पूर्ण भारानें चालवून व्हीआरएमचें तपमान मोजणारे स्वतंत्र परीक्षक आहेत. त्यांचीं कोष्टकें पाहावींत, आणि परीक्षेच्या खोलीचें तपमान किती होतें तेंही वाचावें. खोली २२ अंशांची असली, तर आमच्यासारख्यांनीं त्या आंकड्यांत सरळ २० मिळवावेत.

तिसरा प्रश्न सुटकेचा. गुणक चुकीचा पडला कीं यंत्र सुरूच होत नाहीं. अशा वेळीं बायॉस मूळपदावर आणणारें बटण, आणि प्रोसेसर न चालतांही पेनड्राइव्हवरून नवी बायॉस भरण्याची सोय, या दोन गोष्टी असल्या तर खेड्यांतल्या माणसास दुरुस्तीसाठीं शंभर मैल धांवावें लागत नाहीं. चौथा प्रश्न हवेचा. बोर्ड कितीही चांगला असला तरी कॅबिनेटांत पुढून हवा आंत आणि मागून बाहेर, अशी वाट हवी. आणि आमच्याकडील धूळ ध्यानांत घेतां पुढें जाळी हवी व ती महिन्यास झाडली पाहिजे. शेवटचें म्हणजे हमीपत्र. ओव्हरक्लॉकिंगनें झालेली हानि इंटेल व एएमडी या दोन्ही कंपन्यांच्या साध्या हमींत बसत नाहीं. ती जोखीम घेणाऱ्याची स्वतःची असते, हें पैसे देणाऱ्या वडिलांसही आधीं ठाऊक असावें.

हें ऐकल्यावर आम्हीं एक शंका काढली: इतका बळकट बोर्ड असल्यावर तो स्वतःच अति करणार नाहीं कशावरून? नातू म्हणाला, शंका योग्य आहे. २०२३ च्या एप्रिलांत एएमडीच्या रायझेन ७००० मालिकेंतील कांहीं प्रोसेसर जळाल्याच्या तक्रारी आल्या. रॅमचा वेग वाढविण्याची सोय चालू करतांच कांहीं बोर्ड प्रोसेसराच्या एका भागास प्रमाणाबाहेर दाब देत होते. शेवटीं तो दाब १.३ व्होल्टांवर बांधून टाकणारी सुधारलेली बायॉस काढावी लागली. २०२४ सालीं इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीच्या प्रोसेसरांची अस्थिरता गाजली. प्रोसेसराच्या आंतील आज्ञावलीच गरजेहून अधिक दाब मागत होती, आणि कित्येक बोर्डांची मूळ मांडणीही इंटेलनें घालून दिलेल्या मर्यादेबाहेरची होती. इंटेलनें त्या वर्षाच्या ऑगस्टांत दुरुस्त आज्ञावली दिली आणि हमीची मुदत दोन वर्षांनीं वाढविली. तात्पर्य हें कीं, चांगला बोर्ड तो नव्हे जो सर्वांत अधिक देतो. चांगला बोर्ड तो, जो मागितलें तेवढेंच, न डळमळतां देतो, आणि मर्यादा घातली तर ती पाळतो. नवा बोर्ड आल्यावर पहिलें काम सुधारलेली बायॉस भरण्याचें, गुणकास हात त्यानंतर.

वेग मिळविण्याचा एकच मार्ग आहे असेंही नाहीं. अमेरिकेनें आपणांस हवा तसा महासंगणक देण्यास आढेवेढे घेतले, तेव्हां १९८८ सालीं पुण्यांत सी-डॅक ही संस्था निघाली, आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं तिनें १९९१ सालीं 'परम ८०००' उभा केला. तो एका प्रोसेसरास चाबूक मारून नव्हे, तर अनेक साधे प्रोसेसर एकमेकांस जोडून, काम वांटून घेऊन केला होता. आजचे प्रोसेसरही अनेक कोअरांचे असतात, आणि उष्णता व वीज पाहून आपला वेग स्वतःच मर्यादेच्या जवळ नेतात. १९९८ सालीं दीडपट मिळे; आज हातानें वाढवून मिळणारा लाभ बहुधा अल्पच असतो. म्हणून आतां जाणती मंडळी उलट दाब थोडा कमी करून पाहतात. तालाचा फारसा तोटा न होतां उष्णता पुष्कळ उतरते, कारण येथेंही तोच वर्गाचा नियम, पण आपल्या बाजूनें.

शेवटीं नातवानें बी ५५० चिपसेटाचा, धातूच्या जाड हीटसिंकांचा एक बोर्ड निवडला. जुना प्रोसेसर, जुनी रॅम, जुनें कॅबिनेट. नवा फक्त आधार. पूर्वीं कापलेल्या साडेचार हजारांहून पुष्कळ अधिक रक्कम आतां मोजावी लागली, हें सांगितलेंच पाहिजे. तरी ती सबंध यंत्राच्या मानानें अल्प होती, आणि नातीची फी ठरल्या दिवशीं नाशिकास भरली गेली. हिवाळ्यांत यंत्र ४२ च्या गुणकावर चालतें. होळीनंतर तो गुणक ३८ वर आणतो, दाब कमी करतो, आणि जड कामें रात्रीं दहानंतर लावून देतो; सकाळीं चित्र तयार असतें. या वैशाखांत तें एकदांही बंद पडलें नाहीं, व टेबलपंखा आमच्या खाटेकडे परत आला आहे.

असो. ज्या वाचकांच्या घरीं अशी यादी येईल त्यांनीं प्रोसेसराच्या आंकड्याकडे पाहण्यापूर्वीं त्याखालीं काय ठेवलें आहे हें विचारावें. यादींतील ज्या वस्तूचें काम आपणांस समजलें नाहीं, तिच्यावर पेन्सिल फिरवूं नये. ती कोणता भार उचलते तें आधीं समजून घ्यावें. आणि यादी आणणारा मुलगा किंवा मुलगी एकदां बोलून गप्प बसली, तर "आणखी एकदां सांग," असें आपण होऊन म्हणावें. आमच्या घरांत ती रीत आतां सुरू झाली आहे.